उजवीकडून तिसरी

आठ मित्र एका वर्तुळाकार टेबलाभोवती केंद्राकडे तोंड करून बसले आहेत. भाचीच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हापासून मला त्यांची काळजी लागून राहिली आहे. किती वेळचे बसलेत बिचारे! पुढे चहा येत नाही, कुणाला ठसका लागत नाही, पाय मोकळे करायला म्हणून कुणी उठत नाही. अ, ब, क, ड अशी एकेका अक्षराची नावं. आडनावाचा तर प्रश्नच नाही. अ हा ड च्या डावीकडे तिसरा आहे. ब आणि ग हे लगतचे शेजारी नाहीत. का नाहीत? मित्र म्हणवतात ना? बांधावरून बिनसलं, की उसने पैसे राहिले? पुस्तकाला त्याचं सोयरसुतक नाही, भाचीलाही नाही. तिला फक्त इ च्या समोर कोण, एवढंच हवं असतं. “मामा, तू कारण शोधत बसू नको,” ती म्हणते, “कारणाला मार्क नाहीत.”

नाशिकहून गिरणारे मागे टाकून वाघेरा घाट ओलांडला, की पन्नासेक किलोमीटरवर आमचं हरसूल. इथे भात आहे, नागली आहे, वरई आहे, जुलैत लागला की दिवसच्या दिवस न उघडणारा पाऊस आहे. वर्तुळाकार टेबल मात्र नाही. मी शोधलंय. टपरीवर बाकडं, शाळेत बेंच, कचेरीत चौकोनी टेबल, घरात तर सारवलेली जमीनच. गोल म्हणाल तर तवा, भाकरी, जातं आणि विहीर. आता विहिरीभोवती कुणी केंद्राकडे तोंड करून बसलाच, तर आधी त्याच्या घरी निरोप धाडावा लागेल. तेव्हा जन्मात न पाहिलेल्या टेबलाभोवती जन्मात न भेटलेल्या माणसांना बसवायचं, असा हा व्यवहार. भाची तो रोज पहाटे पाचला उठून करते, आणि पाहुण्यांना पाट मांडावेत इतक्या अगत्याने करते.

मला हे गणित उलगडलं ते एका डिसेंबरात, शेकोटीपाशी. तिथे आम्ही खरोखरच वर्तुळात बसलो होतो, केंद्राकडे तोंड करून. पुढून भाजून निघालेला आणि मागून गारठलेला माणूस जे करतो तेच दाजींनी केलं: गिरकी घेतली आणि आगीकडे पाठ करून बसले. भाची एकदम ओरडली, “मामा, हेच! काही केंद्राकडे, काही बाहेर!” पुस्तकातला हा अवघड प्रकार. केंद्राकडे तोंड असेल तर डावीकडे जाणं म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखं जाणं. पाठ केली की सगळं उलटं. दाजींच्या एका हाताला मी होतो, दुसऱ्या हाताला ताई. आम्ही दोघंही जागचे हललो नव्हतो. तरी क्षणापूर्वी त्यांच्या डावीकडे असलेला मी आता उजवीकडे गेलो होतो. माणसाने नुसती पाठ फिरवली तर शेजारी किती बदलतो, याचा विचार करत मी बराच वेळ निखाऱ्यांकडे पाहत राहिलो. दाजी मात्र पाठ शेकत सुखाने डोळे मिटून बसले होते. आपण प्रश्नसंचात गेलोय, याची त्यांना गंधवार्ता नव्हती.

कागदावर सोडवताना भाची वाटी पालथी घालून वर्तुळ काढते, आठ काड्या मारते, शिसपेनने अक्षरं भरते, खोडते, पुन्हा भरते. खोडून खोडून फ च्या जागी कागदाला भोक पडतं. तिथून मागच्या पानावरचा चंद्रगुप्त मौर्य डोकावतो. म्हणून एकदा तिने पडवीत भाकरीच्या काठवटीभोवती खरीखुरी माणसं मांडली: एक चिंचोका, एक शर्टाचं बटण, काजूचं बी, दोन खडे, औषधाच्या बाटलीचं झाकण, पेनाचं टोपण आणि मक्याचा दाणा. मक्याचा दाणा म्हणजे ह. सहा अटी जमल्या, सातवी वाचायला तिने पुस्तकात मान घातली आणि ताईची कोंबडी आली. चिंचोक्याकडे तिने ढुंकून पाहिलं नाही, बटणापाशी क्षणभर थबकली आणि ह ला टिपून निघून गेली. सातवी अट होती: ह हा ब च्या लगेच उजवीकडे बसला आहे. आम्ही दोघांनी कोंबडीकडे पाहिलं. “यांपैकी नाही,” भाची म्हणाली.

आठ माणसं गोल बसवायच्या रीती 5040 असतात, हे तिनेच मला सांगितलं. एकाला जागेवर खिळवायचं आणि उरलेल्या सातांना फिरवत राहायचं. सगळा खेळ या 5040 मधून 5039 पुसून टाकायचा. एदुआर ल्यूका नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने 1891 साली जोडप्यांचं कोडं मांडलं होतं: गोल टेबलाभोवती एक बाई, एक पुरुष असं आलटून पालटून बसवा, पण कुठलाही नवरा आपल्या बायकोशेजारी येता कामा नये. चार जोडपी असली, तर बायका एकदा स्थानापन्न झाल्यावर नवऱ्यांना बसवायच्या रीती दोनच उरतात. हे मी ताईला सांगितलं. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, “आपल्याकडं लग्नात बायांची पंगत वेगळी, बाप्यांची वेगळी. एवढं डोकं कशाला चालवायचं?”

नातेसंबंधांच्या प्रश्नांत तर आमची माणसं पुस्तकाला भारी पडतात. इंग्रजीतला अंकल काका की मामा की मावशीचा नवरा, हे कळायला चार वाक्यं खर्ची पडतात. मराठीने तो निकाल एका शब्दात लावून टाकलाय. पण त्यातही मेख आहे. मामाची मुलगी केलेल्या माणसाला विचारा, ही तुझी कोण? त्याची दोन उत्तरं बरोबर निघतील, आणि गोल एकच काळा करायचा असतो.

खरी बैठकव्यवस्था पाहायची तर हरसूलच्या जीपमध्ये यावं. अटी अशा: सासरा आणि सून लगतचे शेजारी नसावेत. ज्या पोराला घाटात उलटी होते ते खिडकीशी. कोंबड्यांची पाटी मागे, पण कोंबड्यांची मालकीण पुढे. ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक जण, त्यामुळे ड्रायव्हर स्वतःच मधला प्रवासी. आणि शेवटची अट, जी कुठल्याही पुस्तकात नाही: वाटेत कुणी हात केला तर गाडी थांबेल आणि सगळी मांडणी नव्याने होईल. ड्रायव्हर मागे वळून नुसतं “सरका” म्हणतो. कागद नाही, पेन्सिल नाही. सगळे सरकतात, आणि ज्या सीटवर तसूभर जागा नव्हती तिथे एक आजी गाठोड्यासकट बसलेली असते.

2023 च्या तलाठी भरतीत जागा होत्या 4644 आणि अर्ज दहा लाखांहून जास्त. तिथे “सरका” म्हणणारं कुणी नव्हतं. शंभर प्रश्न, दोन तास. त्यातले पंचवीस अंकगणित-बुद्धिमत्तेचे. भर पावसात मी तिला नाशिकच्या केंद्रावर सोडायला गेलो होतो. फाटकातून आत जाताना तिने प्रवेशपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. दुसऱ्यांच्या जागा शोधून शोधून दोन वह्या भरलेली पोर आता आपली जागा शोधायला निघाली होती. मी समोरच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभा राहिलो. माझ्या डावीकडे कुणाचा तरी बाप होता, उजवीकडे कुणाचा तरी भाऊ. आम्ही सगळे एकाच रांगेत, फाटकाकडे तोंड करून. कुणी कुणाला नाव विचारलं नाही. डावीकडच्याने तंबाखू पुढे केली, मी नको म्हटलं, उजवीकडच्याने घेतली.

ती बाहेर आली तेव्हा पाऊस थोडा उणावला होता. “कोडी कशी होती?” मी विचारलं. “होती,” ती म्हणाली. मग थोडं चालल्यावर, “एक सुटलं नाही. सहा जणांचं होतं. एक जण कुठंच बसेना.” तो एक जण अजून त्या स्क्रीनवर तसाच उभा असणार, या विचाराने मला उगाच वाईट वाटलं. तिला भूक लागली होती. आम्ही वडापाव खाल्ला आणि धावत जाऊन हरसूलची शेवटची जीप गाठली. मी मागे लटकलो. तिला मधल्या सीटवर जागा मिळाली, उजवीकडून तिसरी. गिरणारे येईपर्यंत तिच्या मांडीवर कुणाचं तरी पोर झोपलं होतं.