पर्यटनस्थळनिवडीची मीमांसा : चंद्रपूर–गडचिरोली खंड

भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर आणि पूर्वपश्चिम रुंदी २,९३३ किलोमीटर असून त्यात २८ राज्ये व ८ केंद्रशासित प्रदेश सामावलेले असल्यामुळे, सुटीत कोठे जावे या प्रश्नाला निदान कागदावर तरी अगणित उत्तरे संभवतात. बर्फ, वाळवंट, समुद्र, चहाचे मळे, लेणी आणि तीर्थक्षेत्रे यांपैकी काय हवे तेवढे ठरवले की झाले, असे नकाशा पाहणाऱ्यास वाटते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील कुटुंबांचे निरीक्षण केले असता मात्र असे आढळते की, स्थळाची निवड कुटुंब करीतच नाही. ती ऊन, रेल्वे, रजेचे नियम आणि आजीचा नवस या चार शक्ती परस्पर करून टाकतात, आणि कुटुंबाच्या वाट्याला केवळ त्यावरून भांडण्याचे काम येते. प्रस्तुत लेखात या शक्तींचा क्रमाने विचार केला आहे.

पहिली शक्ती ऊन होय. मे २०१९ मध्ये चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्याही पुढे गेला होता, आणि ज्या दिवशी तो पंचेचाळिशीच्या आत राहतो त्या दिवशी ‘आज जरा बरं आहे’ असे एकमेकांना सांगण्याची येथे रीत आहे. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की, म्हणजे साधारणपणे २५ मेपासून, जे नऊ दिवस सुरू होतात त्यांना नवतपा म्हणतात. या दिवसांत शहाणा माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही आणि घरातला माणूस कूलरच्या समोरून हलत नाही. ज्या शहरातील महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे आणि ज्याच्या विजेवर दूरदूरचे पंखे फिरतात, त्याच शहराला आपल्या कूलरमध्ये पाणी उरले आहे की नाही हे तासातासाला उठून पाहावे लागते. सहलीचे बेत नेमके याच अवस्थेत आखले जात असल्यामुळे त्यांत सारासार विचाराला फारसा वाव राहत नाही. भूगोलाच्या दृष्टीने सिमला, दार्जिलिंग आणि उटी ही परस्परांपासून शेकडो कोसांवरची, भाषा, आहार व वनस्पती यांबाबत अगदी भिन्न अशी गावे असली, तरी मे महिन्यातील चंद्रपूरकराच्या लेखी ते ‘थंड’ नावाचे एकच गाव असते आणि त्याला तीन स्टेशने असतात.

येथे एक विसंगती नोंदवणे अगत्याचे आहे. चंद्रपूरकर ज्या आठवड्यात उत्तरेकडे पळ काढतो त्याच आठवड्यात पुण्यामुंबईची कुटुंबे टोप्या, दुर्बिणी आणि सनस्क्रीनच्या नळ्या घेऊन उलट दिशेने चंद्रपुरात उतरत असतात. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान घोषित झालेले, राज्यातील सर्वांत जुने ताडोबा हे त्यांचे लक्ष्य असते. उन्हाळ्यात झाडोरा विरळ होतो, ओढे आटतात आणि वाघाला पाणवठ्यावर येण्यावाचून गत्यंतर उरत नाही, म्हणून तो दिसण्याची शक्यता ऐन उन्हातच सर्वाधिक असते, हे यामागचे शास्त्रीय कारण होय. यावरून पर्यटनस्थळाची एक सर्वसाधारण व्याख्या करता येते : ज्या ठिकाणचे रहिवासी ऐन हंगामात तेथून दुसरीकडे निघून जाऊ इच्छितात, त्यास पर्यटनस्थळ म्हणावे. गोव्याचा माणूस डिसेंबरच्या अखेरीस किनाऱ्याकडे फिरकत नाही, महाबळेश्वरचा माणूस मे महिन्यात बाजारपेठेत पाऊल टाकत नाही आणि चंद्रपूरचा माणूस नवतप्यात जिप्सीत बसत नाही, एवढी तीन उदाहरणे या व्याख्येच्या पुष्टीस पुरेशी आहेत.

ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाचे एकूण क्षेत्र सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर असून त्याचे दोन भाग पडतात. गाभा म्हणजे जेथे वस्ती नसावी असा भाग, आणि बफर म्हणजे त्याभोवतीचा, जेथे गाव, गुरे व वाघ अशी तिघांचीही नांदणूक एकत्र चालते असा भाग. बफरमधील शेतकऱ्यास शहरी पाहुण्यांच्या उत्साहाचे कोडे कधीच उलगडलेले नाही. ‘काऊन जी, एवढे पैसे देऊन वाघ पाहाले येता? आमच्या बांधीत तो फुकटात येऊन बसते,’ हा त्याचा प्रश्न तर्काच्या दृष्टीने बिनतोड आहे. बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा. या प्रश्नात विनोद दिसत असला तरी त्यामागे दुःख आहे, कारण मोहफुले वेचायला किंवा तेंदूपाने तोडायला पहाटे रानात गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात बळी पडल्याच्या बातम्या या भागात दरवर्षी येतात, आणि अशा गावाकडून वाघाच्या दर्शनाने भारावून जाण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

मचाणाचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्यातर्फे ‘निसर्गानुभव’ हा उपक्रम होतो. त्यात शहरातून आलेला निसर्गप्रेमी शुल्क भरून पाणवठ्याकाठच्या मचाणावर रात्रभर बसतो, डास मारण्याचा मोह आवरतो आणि चांदण्यात दिसलेल्या प्रत्येक जनावराची कागदावर नोंद करतो. धान पिकू लागल्यावर त्याच परिसरातील शेतकरीही तशाच मचाणावर रात्रभर बसतो, रानडुकरे आली की डबा वाजवतो आणि पहाटे अंग आंबलेल्या अवस्थेत खाली उतरतो. या कामास जागल म्हणतात. उंची, अंधार, डास आणि पाठदुखी या चारही बाबतींत दोन्ही अनुभव सारखेच आहेत. फरक एवढाच की, पहिल्यास प्रमाणपत्र मिळते.

दुसरी शक्ती रेल्वे. चंद्रपूर आणि बल्लारशा ही स्थानके दिल्ली–चेन्नई या मुख्य मार्गावर असल्यामुळे येथील माणसाला दिल्लीला किंवा चेन्नईला थेट गाडीत बसून जाता येते. परंतु आपल्याच राज्याच्या कोकण किनाऱ्यावर जायचे म्हटले की वाटेत गाडी बदलणे आले. परिणामी या जिल्ह्यातील कित्येकांनी मरीना बीच पाहिलेला असतो आणि गणपतीपुळे पाहायचे राहिलेले असते. गडचिरोली जिल्ह्याची कथा याहून संक्षिप्त आहे. १४,४१२ चौरस किलोमीटरच्या, २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात रेल्वेस्थानक एकच, ते वडसा, आणि तेही अगदी उत्तर टोकाला. दक्षिण टोकाच्या सिरोंच्यातील प्रवाशाने स्वतःच्या जिल्ह्याचे स्थानक गाठायचे ठरवले तर तोच एक स्वतंत्र प्रवास होईल, म्हणून तो प्राणहिता ओलांडून तेलंगणातील मंचिर्याल गाठतो. त्याला नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ पडते आणि मुंबई ही त्याच्या दृष्टीने शासननिर्णय जेथून निघतात ती जागा असते.

तिसरी शक्ती म्हणजे रजा प्रवास सवलत. ही कर्मचाऱ्याच्या प्रवासखर्चाचा भार सरकार उचलते अशी योजना असून तिचा हिशेब चार-चार वर्षांच्या गटांत चालतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यास ‘भारतात कोठेही’ जाण्याची मुभा असते, तर राज्य सरकारी कर्मचाऱ्याच्या वाट्याला ‘महाराष्ट्र दर्शन’ येते. त्यामुळे शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांपैकी टपाल खात्यातील कुटुंब काश्मीरला जाते आणि तहसील कचेरीतील कुटुंब, हैदराबाद हाकेच्या अंतरावर असूनही, पात्रतेच्या कारणास्तव हजार किलोमीटरवरील सिंधुदुर्गाचा विचार करू लागते. स्थळ आवडले की नाही हा प्रश्न गौण असून गट संपण्यापूर्वी सवलत वापरली गेली की नाही हा मुख्य होय. जिवती तालुक्याच्या सीमेवरील ज्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण ही दोन्ही राज्ये हक्क सांगतात, तेथील रहिवाशांना तर दोन्हीकडची शिधापत्रिका आणि दोन्हीकडचे मतदान घरबसल्या लाभते; अशा गावातला माणूस ओसरीवरून उठून अंगणात आला तर ते महाराष्ट्र दर्शन धरावे की परराज्यप्रवास, याचा निवाडा लेखा शाखेने करावयाचा आहे.

या तिन्ही शक्ती ज्या एका जागी एकत्र येतात ती जागा म्हणजे कूलरसमोरील कौटुंबिक बैठक. वीज केंद्राच्या वसाहतीतील एखाद्या क्वार्टरमध्ये रविवारी दुपारी, खिडक्यांवर ओले पडदे सोडून आणि मुलांच्या शाळेचा अॅटलास मध्ये ठेवून ती भरते. मुलगा मनालीचा प्रस्ताव मांडतो. आई हॉटेलात स्वयंपाकघर आहे का एवढेच विचारते. आजी आपला नकाराधिकार वापरते. ‘ते बरफ पाहून का करू मी? माया गुडघ्याले थंडी सोसत नाही. तिरुपतीले चला, नवस राहिला आहे,’ हे तिचे म्हणणे दरवर्षी तेच असते आणि दरवर्षी नव्याने ऐकून घेतले जाते. तोपर्यंत गप्प बसलेले बाबा मग सहज विचारल्यासारखे विचारतात, ‘तिकडं पानठेले असतात का?’ येथे संशोधकास पाचव्या, आजवर दुर्लक्षित राहिलेल्या शक्तीचा शोध लागतो. ती शक्ती म्हणजे खर्रा, म्हणजेच सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून पन्नीत बांधलेला पदार्थ, जो या दोन जिल्ह्यांबाहेर मनासारखा घोटून मिळत नाही अशी सेवन करणाऱ्यांची पक्की समजूत आहे. ‘पानठेल्याचं काऊन विचारता?’ असे आईने चढ्या आवाजात विचारताच बैठक तहकूब होते.

अशा बैठकांचा निकाल बहुधा केरळच्या बाजूने लागतो, आणि त्याचे कारण निसर्गसौंदर्य नसून वेळापत्रक आहे. केरळ एक्सप्रेस बल्लारशाला थांबते आणि पुढे तिरुपतीवरून जाते. त्यामुळे आजीचा नवस वाटेत फिटतो, मुलाला डोंगर व समुद्र मिळतो आणि बाबांना दोन दिवसांचा साठा पिशवीत दडवून नेता येतो. अडचण एवढीच उरते की, १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते, ते खुले झाले तेव्हा कुटुंबाचे एकमत झालेले नव्हते, आणि एकमत झाले तेव्हा तिकीट प्रतीक्षायादीत गेलेले होते. नशीब बरे असेल तर ते आरएसीपर्यंत सरकते, म्हणजे दोन प्रवाशांना मिळून एक शायिका मिळते आणि आजीचे गुडघे व अनोळखी प्रवाशाचे गुडघे यांचा समोरासमोर परिचय होतो.

येथवरचा विचार पगारदार कुटुंबांचा झाला. गडचिरोलीच्या रानातील गावांत उन्हाळा ही सुटी नसून हंगाम असतो. मार्च-एप्रिलात मोहफूल आणि मे महिन्यात तेंदूपत्ता अशी कामे पाठोपाठ येतात. सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि असे पुडे फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे, यात घरातील सर्वांचे हात गुंतलेले असतात. या समाजाची सहल धान घरात आल्यावर, दिवाळीनंतर निघते, आणि तिचे स्थळ निवडण्याची पद्धत शहरी पद्धतीपेक्षा कितीतरी प्रगत आहे. ज्या गावात मंडई, म्हणजे सुगीनंतरची जत्रा, भरते आणि त्या रात्री झाडीपट्टीचे नाटक असते, त्या गावातील बहिणीकडे जायचे, एवढाच नियम. झाडीपट्टी म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील भातशेतीचा व रानाचा मुलूख, आणि वडसा हे तेथील नाटकमंडळींचे मुख्य केंद्र. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत असल्यामुळे घरी आलेल्या वीस पाहुण्यांच्या अंथरुणाची सोय करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. निवास व्यवस्थेच्या खर्चावर इतका परिपूर्ण तोडगा अन्य कोणत्याही पर्यटन धोरणात आढळत नाही.

राहता राहिले स्वतःच्या जिल्ह्यातील प्रेक्षणीय स्थळांचे. वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे कोरीव देवळांचा समूह आहे, भामरागडला तीन नद्यांचा संगम आहे, सिरोंचा तालुक्यात वडधम येथे जीवाश्म आहेत, भद्रावतीला विजासन लेणी आहेत आणि खुद्द चंद्रपूर शहराला गोंड राजांचा परकोट आहे, ज्याच्या वेशीतून कर्मचारी रोज डबा घेऊन जातात. ही सर्व स्थळे पाहण्यास कोणाचाही विरोध नाही; ती ‘केव्हाही पाहता येतील’ या सदरात मोडतात, आणि या सदरातील स्थळ प्रत्यक्षात पाहुणा आल्याखेरीज पाहिले जात नाही. रजेचा खरा विनियोग कसा करावा हे कमलापूरच्या सरकारी हत्ती कॅम्पमधील हत्तींकडून शिकण्यासारखे आहे. हिवाळ्यात त्यांना काही दिवस कामातून सुटी देऊन त्यांच्या पायांना वनौषधींचा लेप लावतात. या दिवसांत पर्यटकांना प्रवेश बंद असतो आणि हत्ती कोठेही जात नाहीत.

तात्पर्य, विशाल देशातून एक स्थळ निवडण्याचे स्वातंत्र्य हे बहुतांशी नकाशापुरतेच असून, ज्या कुटुंबास हे वेळीच उमगते ते एक बैठक, दोन भांडणे आणि एक प्रतीक्षायादी वाचवते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांनी यंदा बैठकच न भरवता पाहुणा आल्याचे मनाशी ठरवावे आणि त्याला दाखवायला म्हणून स्वतःच निघावे. हिवाळ्यात निघावे, आजीला मार्कंड्याला न्यावे, खर्ऱ्याची चिंता तर नाहीच. मात्र ताडोब्याचा बेत असेल तर मंगळवार टाळावा, कारण मंगळवारी ताडोबा पर्यटकांसाठी बंद असतो.