आम्हालाही शर्यतीत घ्या

२०२६ च्या जानेवारीत पुण्यात एक चमत्कार झाला. रस्त्यावरून सायकलवाले चालले होते आणि मोटारी थांबल्या होत्या. कुणी काच खाली करून सायकलवाल्याच्या आईवडिलांची चौकशी केली नाही. कुणी मागून हॉर्नवर हात ठेवून दिला नाही. अडथळ्यांच्या अलीकडे जे अडकले होते त्यांनी मनातल्या मनात वाजवला असेल, पण तेवढा चालतो. लोक कठड्याला टेकून टाळ्या वाजवत होते आणि पोलीस रस्ता अडवून उभे होते. सायकलसाठी!

निमित्त होतं पुणे ग्रँड टूरचं. पाच दिवस, ४३७ किलोमीटर, देशोदेशीचे सायकलपटू आणि वर यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेचा शिक्का. सगळी गंमत त्या शिक्क्यात आहे. ही संघटना रस्ता बघायला मागते, आणि दाखवला तर खरोखर खाली मान घालून बघते. त्यामुळे शर्यतीच्या आधी शहरात आणि जिल्ह्यात डांबराचा घमघमाट सुटला. खड्डे बुजले, गतिरोधक निघाले, चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीत आली. चेंबर दर पावसाळ्यात जमिनीतून आपोआप दोन इंच वर येतं आणि त्याला कुणाचाच इलाज नसतो, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. मनात आणलं तर ते खाली जातं, हे आम्हाला या शर्यतीमुळे कळलं. असली माहिती खरं तर नागरिकांच्या हाती पडू द्यायची नसते.

आता पडलीच आहे, तर एक प्रस्ताव मांडतो. पुण्यात रोज सायकलवरून कामाला जाणाऱ्या प्रत्येक माणसाला आंतरराष्ट्रीय स्पर्धक म्हणून घोषित करावं.

खर्च फारसा नाही. पाठीवर लावायला एक क्रमांक, पुढे एक पायलट मोटारसायकल, मागे एक रुग्णवाहिका. रुग्णवाहिका तशीही लागतेच, फक्त सध्या ती नंतर येते. टप्पे आखलेलेच आहेत. पहिला टप्पा धायरी ते कर्वेनगर, हा सुरक्षारक्षकांचा. सकाळच्या ड्युटीवर वेळेत पोचायचं म्हणून तो अंधारात सुरू होतो. दुसरा टप्पा पेपर टाकणाऱ्या पोरांचा, सगळ्या पेठांमधून, जिने धरून. तिसरा हडपसर ते कॅम्प, हॉटेलातल्या कामगारांचा. हा रात्री बाराला उलट्या दिशेनेही होतो आणि तेव्हा मालवाहू ट्रकही स्पर्धेत उतरतात. घाटातली चढण वगैरे परदेशी पाहुण्यांना ठीक आहे. आमच्या स्पर्धकांसाठी वारज्याच्या पुलाखालचा चौक पुरे.

‘पण सायकल ट्रॅक आहेत की!’ असं कुणीतरी म्हणणारच. आहेत. देशातला पहिला बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळ्या मार्गिकेचा, प्रयोग २००६ साली आपल्याच शहरात झाला, कात्रज ते स्वारगेट ते हडपसर. त्याच्या कडेला सायकल ट्रॅकही आखले होते. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात वाहनांऐवजी माणसांचा विचार करा, असं लिहून आलं होतं. मग माणसांचा विचार झाला. कुठल्या माणसाला कुठे ट्रॅक हवा आहे याचा अगदी बारकाईने झाला. पाणीपुरीवाल्याला हवा होता, त्याला मिळाला. विजेच्या डीपीला हवा होता, तिलाही मिळाला. फर्निचरवाल्याने सोफा बाहेर काढला, गॅरेजवाल्याने तीन गाड्या लावल्या, मंडळाने मांडव घातला. उरलेल्या भागात पेव्हर ब्लॉक आहेत. त्यातला प्रत्येक तिसरा ब्लॉक हलतो आणि पावसाळ्यात त्यावर पाय पडला की खालून थेट गुडघ्यापर्यंत पिचकारी येते.

आणि बोलार्ड. बोलार्ड म्हणजे ट्रॅकच्या तोंडाशी पुरलेले ते बुटके खांब. दुचाकी आत घुसू नये म्हणून ते लावतात. ते इतके जवळ जवळ पुरतात की सायकलवाल्याला उतरून सायकल खांद्यावर घ्यावी लागते. स्कूटरवाला मात्र पुढच्या दुकानाच्या उतारावरून अलगद वर चढतो आणि खांद्यावर सायकल घेतलेल्या माणसाला ‘काका, बाजूला व्हा ना’ म्हणतो. तोही त्याच्या जागी बरोबर आहे. त्याला घाई आहे, आणि ट्रॅकवर रस्त्यापेक्षा गर्दी कमी.

महापालिकेने हातच झटकले असं मात्र म्हणता येणार नाही. २०१७ च्या डिसेंबरात सर्वसाधारण सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात ८२४ किलोमीटरचं जाळं होतं. ८२४! एवढ्यात माणूस पुण्याहून निघाला तर जवळजवळ बंगळुरूला टेकतो. आराखडा करणाऱ्यांनी काम मन लावून केलं होतं. पाहणी झाली, लोकांशी बैठका झाल्या, रस्त्यांचे छेद काढले, रंगीत नकाशे छापले. कागदावरचा पुणेकर त्या दिवशी बंगळुरूत इडली खात होता. रस्त्यावरचा पुणेकर नळस्टॉपच्या चौकात एक पाय टेकवून उभा होता. अजून तिथेच आहे, फक्त डोक्यावर आता मेट्रो आली आहे.

त्याच महिन्यात भाड्याच्या सायकलीही आल्या. विद्यापीठात आणि औंधमध्ये, मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या. पिवळ्या होत्या, केशरी होत्या. शहर काही महिने शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं दिसत होतं. मग कुणी कुलपं तोडली, कुणी सीट घरी नेली, कुणी आख्खी सायकलच तिसऱ्या मजल्यावर चढवली. पिवळ्या सायकलींच्या चिनी कंपनीने वर्षाच्या आत भारतातूनच गाशा गुंडाळला. यावर ‘आपल्या लोकांना शिस्त नाही’ असा निष्कर्ष निघाला. सायकल आली पण ती चालवायची कुठे, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. पोहण्याचे कपडे वाटून झाल्यावर तलावाची चौकशी करणं बरं दिसत नाही.

जुने पुणेकर सांगतात की एके काळी हे शहर सायकलींचं होतं. त्यांचं गहिवरणं बाजूला ठेवा, पण त्या काळाची एक गोष्ट मला फार हेवा वाटावी अशी आहे. तेव्हा सायकलवाल्याला दंड व्हायचा. सायकलला पालिकेचा बिल्ला नसला तर दंड, रात्री बत्ती नसली तर दंड, डबलसीट दिसला तर हवालदार चाकातली हवा सोडायचा. म्हणजे सरकारदरबारी सायकल हे वाहन होतं आणि सायकलवाला हा गुन्हा करण्याच्या लायकीचा माणूस होता. पुढे आकुर्डीची स्कूटर आली, लूना आली, आणि आज पोलीस सायकलवाल्याकडे बघतसुद्धा नाही. सिग्नल तोडा, उलटे या, हँडल सोडून जा, तो तुमच्या आरपार पलीकडच्या मोटारीचा नंबर टिपतो. धडक बसली तरच तुम्ही दिसता, आणि पहिला प्रश्न येतो, ‘हेल्मेट घातलं होतं का?’ हेल्मेटसक्ती म्हटलं की चोवीस तासांत कृती समिती उभारणारं हे शहर!

असो. तर हा प्रस्ताव मी एका कार्यालयातल्या साहेबांना वाचून दाखवला. कोणतं कार्यालय, ते विचारू नका. पंखा चालू होता, एवढं सांगतो.

साहेब म्हणाले, ‘अहो, हे हॉलंडमध्ये ठीक आहे. डच लोकांच्या रक्तातच सायकल आहे.’

मी म्हटलं, साहेब, १९७० च्या आसपास ॲमस्टरडॅमचे चौकही मोटारींनी भरलेले होते. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर तीन हजारांवर माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर बसले. ‘मुलांचे खून थांबवा’ हेच त्यांनी चळवळीचं नाव ठेवलं. तेवढ्यात १९७३ चं तेलसंकट आलं आणि रविवारी मोटारी बंद झाल्या.

‘बघा, म्हणजे तेल संपलं म्हणून!’ साहेब खूश झाले. ‘आपल्याकडे पंप चालू आहेत.’

‘आणि आपलं ऊन?’ त्यांनीच पुढचा मुद्दा काढला. मी स्पेनमधलं सेव्हिया काढलं. तिथे उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि सायकलची परंपरा म्हणावी तर काहीच नव्हती. त्या गावाने २००६ नंतर थोड्या वर्षांत शंभरेक किलोमीटरचे ट्रॅक केले आणि सायकली कितीतरी पटींनी वाढल्या. आपल्या ८२४ पुढे शंभर म्हणजे किरकोळच. पण ते शंभर एकमेकांना जोडलेले होते. इथे दोनशे मीटर, मग खांब, मग नाला, पुन्हा तीनशे मीटर, असं नव्हतं. मोटारी आणि सायकली यांच्यामध्ये नुसता पांढरा पट्टा न मारता कडा बांधली. आणि त्यासाठी रस्त्याच्या कडेच्या हजारो पार्किंगच्या जागा...

साहेब उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

‘हळू बोला,’ ते म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. २०१८ साली पार्किंगला पैसे लावायचं धोरण महापालिकेत आलं तेव्हा एवढा गदारोळ झाला, की ते मंजूर होता होता पाच रस्त्यांपुरतं उरलं. त्याच सुमाराला शहरातली वाहनं लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. पाळण्यातल्या बाळाच्या नावावरही एक गाडी, आणि ती सायकल ट्रॅकवर लावलेली. त्या गाडीला मत नसतं, पण तिच्या मालकाला असतं. सायकलवाल्यालाही असतं म्हणा, पण तो मतदानाच्या दिवशीही ड्युटीवर असतो.

‘मग शर्यतीच्या वेळी कसं जमलं?’ मी विचारलं. ‘कडेच्या गाड्या हलल्या, हातगाड्या हलल्या, रस्ते बंद झाले. एक मोर्चा नाही.’

साहेबांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. ‘शर्यत संपते हो,’ ते म्हणाले. ‘तुमची माणसं उद्या परत येतील.’

प्रस्तावात तांत्रिक त्रुटीही त्यांनी दाखवल्या. शर्यतीला प्रारंभरेषा आणि अंतिम रेषा लागते, आणि शहरातल्या बऱ्याच ट्रॅकना ही दोन्ही टोकं नाहीत. प्रायोजक लागतो, आणि सुरक्षारक्षकाच्या शर्टावर आधीच एजन्सीचं नाव आहे. झेंडा दाखवायला मान्यवर लागतात, आणि पहाटे साडेपाचला मान्यवर मिळत नाहीत. हा शेवटचा आक्षेप मला बिनतोड वाटला.

तरीही मी प्रस्ताव मागे घेतलेला नाही. आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या काकांना त्यांच्या भावी क्रमांकाची कल्पना दिली. ते रोज धायरीहून येतात. सायकल बावीस इंची, काळी, मडगार्डला मागे लाल काच. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मोटारी थांबतील, चौकात पोलीस असेल, खड्डा नसेल, लोक टाळ्या वाजवतील. टाळ्या नसल्या तरी चालतील, म्हणाले.

मग जरा विचार करून त्यांनी विचारलं, ‘पण साहेब, त्या शर्यतीतले लोक एकाच दिशेने जातात ना? माझी ड्युटी रात्री आठला सुटते. परत यायचं कसं?’

परतीचा टप्पा कलम चारमध्ये घातला आहे. सुधारित प्रत उद्या आवक-जावकला देतो.