पडला की पाडला?

‘पडणे’ आणि ‘पाडणे’ ही दोन्ही क्रियापदे एकाच धातूची असली, तरी पहिल्याला कर्म लागत नाही आणि दुसऱ्याला लागते. म्हणजे पडायला एक माणूस पुरतो, पाडायला मात्र पडणाऱ्याखेरीज आणखी कोणीतरी, आणि तेही दोषी, असावे लागते. हा भेद शाळेत शिकवला जातो आणि परीक्षा झाल्यावर बहुतेकांच्या डोक्यातून निघून जातो. तो आयुष्यभर विसरत नाही असा समाजघटक एकच, आणि तो म्हणजे कोल्हापुरातील फुटबॉल समर्थक. त्याच्या संघाचा खेळाडू कधीही पडत नाही, त्याला पाडले जाते. समोरच्या संघातल्या खेळाडूला मात्र आजवर कोणीही पाडलेले नाही, तो चालायला लागल्यापासून स्वतःहूनच पडत आलेला आहे. या व्याकरणावर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जो वाद चालतो, त्याच्या आधारेच या व्यक्तीची ओळख करून घेणे सोयीचे ठरते.

कोल्हापूरचे फुटबॉल संघ हे बव्हंशी तालमींचे संघ आहेत. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा; कालांतराने तिच्याभोवती मंडळ उभे राहिले, मंडळाचा गणपती आला, आणि फुटबॉलचा संघही आला. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा ही नावे ऐकून परगावच्या माणसाला मल्ल आठवतात, पण कोल्हापुरात ती उच्चारली की डोळ्यांसमोर जर्सी येते. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ ही या प्रकरणातली दोन मुख्य घराणी. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग, म्हणजे सर्व संघांनी एकमेकांशी खेळायची साखळी स्पर्धा, आणि पाठोपाठ येणाऱ्या निरनिराळ्या चषकांच्या स्पर्धा या दोन घराण्यांना वर्षाचे कित्येक महिने बोलायला विषय पुरवतात. उरलेल्या महिन्यांत ते मागच्या हंगामातील पेनल्टीवर बोलतात.

मराठीत ‘तालीम’ या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे: नाटकाची पूर्वतयारी. समोरच्या पेठेचा खेळाडू गोलपुढच्या मोठ्या चौकटीत, म्हणजे स्थानिक भाषेत ‘मोठ्या डी’त, घोटा धरून लोळू लागला की समर्थकाला हा दुसरा अर्थ ताबडतोब आठवतो. तो आठवण्याला गावाचीही साथ आहे. शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग कुस्ती मैदान १९१२ सालचे, आणि त्याला खेटूनच असलेले, पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागलेले नाट्यगृह १९१५ सालचे. प्रभात फिल्म कंपनीही १९२९ मध्ये याच गावात जन्मली. ज्या गावात मातीत लोळणे आणि खोटे रडणे या दोन्ही गोष्टींना राजाश्रय मिळाला, त्या गावचा प्रेक्षक खेळाडूच्या पडण्याकडे निव्वळ क्रीडाप्रेमी म्हणून पाहील, ही अपेक्षाच चुकीची आहे. तो परीक्षक म्हणून पाहतो. पडणे फारच रंगले तर पायऱ्यांवरून “वन्स मोअर!” अशी मागणी होते, आणि डॉक्टर मैदानात धावू लागला की “स्प्रे कशाला? रंगपेटी न्या की!” असा सल्लाही दिला जातो.

कुस्तीच्या वारशाने मात्र त्याची एक कायमची पंचाईत करून ठेवली आहे. कुस्तीत पाठ लागली की कुस्ती गेली. पडणाऱ्याची मान खाली जाते, पाडणाऱ्याच्या डोक्यावर फेटा चढतो. फुटबॉलमध्ये पाडणाऱ्याला शिक्षा होते आणि पडणाऱ्याला फ्री किक मिळते, म्हणजे अडथळ्याविना चेंडू मारण्याची संधी. ज्या समर्थकाच्या आजोबांनी खासबागेत बसून पडणाऱ्याची कीव केली, त्याला नातवाच्या वयाच्या स्ट्रायकरने पडून कमावलेल्या पेनल्टीवर हलगी वाजवावी लागते. असल्या नैतिक पेचात एखादा तत्त्वज्ञ वेडा झाला असता, पण समर्थक होत नाही. तो ‘पडला’च्या जागी ‘पाडला’ म्हणतो आणि मोकळा होतो.

दिसायला हा गृहस्थ साधारण पन्नाशीचा. गुडघा कधीतरी, त्याच्या सांगण्यानुसार फुटबॉलमध्येच, दुखावलेला असतो. ती दुखापत खरी होती याबद्दल त्याच्या पेठेत दुमत नसते आणि दुसऱ्या पेठेत एकमत नसते. दुकान, गॅरेज किंवा नोकरी यांपैकी जे काही असेल ते सामन्याच्या वेळेशी जुळवून घेतलेले असते. शेजारी त्याचा प्रतिपक्षी बसतो, आणि येथे कोल्हापूरच्या समाजरचनेचा एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो: पेठा शत्रू असल्या तरी सोयरिकी पेठापेठांतच होतात, त्यामुळे हे दोन कट्टर विरोधक पुष्कळदा एकमेकांचे साडू, म्हणजे दोन सख्ख्या बहिणींचे नवरे, निघतात. सामना सुरू होण्यापूर्वी ते एकमेकांना आदराने ‘पाव्हणं’ म्हणतात. पहिल्या पिवळ्या कार्डानंतर हा शब्द गळतो आणि त्याची जागा ‘तुमच्यातली माणसं’ घेते, ज्यात मेहुणी सोडून सगळी पेठ येते.

वादाची भाषा ठरलेली असते. “हात लागला न्हाई, पाय लागला न्हाई, वारं लागलं आणि पडलं की वो!” असे एकाने म्हटले की दुसऱ्याने “तुमच्या घोट्यावर स्टड बसला असता म्हंजे कळलं असतं,” असे उत्तर द्यायचे असते. (स्टड म्हणजे बुटाच्या तळव्याचे टोकदार उंचवटे, या वादात ते वकिलाच्या कागदपत्रांसारखे वारंवार पुढे केले जातात.) यानंतर वाद खेळाडूच्या चारित्र्याकडे, तेथून त्याच्या पेठेकडे, आणि अखेर २० वर्षांपूर्वीच्या एखाद्या उपांत्य सामन्याकडे वळतो. तिथे दोघेही हजर होते, पण दोघांनीही वेगळाच सामना पाहिला होता. विशेष म्हणजे खेळाडू हंगामाअखेर संघ बदलतात, आणि गेल्या वर्षीचा ‘नाटक्या’ यंदा आपली जर्सी घालून आला की पहिल्याच सराव सामन्यात त्याचे घोटे नाजूक असल्याचे सर्वांच्या ध्यानात येते.

नियमाची बाजू त्या मानाने अगदीच रुक्ष आहे. फुटबॉलच्या नियमावलीतील बारावा नियम फाऊल आणि गैरवर्तन यांविषयीचा आहे. दुखापतीचे सोंग घेऊन किंवा न झालेल्या फाऊलचा बनाव करून पंचाला फसवू पाहणे, हे खिलाडूवृत्तीला न शोभणारे वर्तन मानून त्याला पिवळे कार्ड, म्हणजे ताकीद, द्यावी, असे त्यात सांगितले आहे. ही गोष्ट १९९९ साली नियमात स्पष्ट शब्दांत घालण्यात आली. समर्थकाला हा नियम पाठ असतो, मात्र तो एकतर्फी रस्त्यासारखा असल्याची त्याची समजूत असते. उपचार घेतलेल्या खेळाडूने साधारणपणे मैदानाबाहेर जाऊन पंचाच्या परवानगीनेच परत यावे, असाही नियम आहे, आणि त्यातून एका वैद्यकीय चमत्काराचा जन्म झाला आहे: जो खेळाडू स्ट्रेचरवर निपचित पडून होता, तो सीमारेषेवरच्या फक्कीचा पांढरा पट्टा ओलांडताच ताडकन उठून आत येण्यासाठी हात वर करतो. फक्कीच्या या औषधी गुणांचा अभ्यास अद्याप कोणी केलेला नाही. संघ एका गोलने पुढे असेल आणि अखेरची दहा मिनिटे उरली असतील, तर दुखण्याची तीव्रता वाढते. पिछाडीवर असेल, तर मोडलेला पायही धावतो. समोरच्या संघाच्या या कालहरणाला समर्थक ‘टाईमपास’ म्हणतो आणि हातातल्या घड्याळावर सेकंद मोजतो. आपल्या संघाच्या वेळी तो घड्याळ पाहत नाही, कारण माणसाच्या वेदनेचा हिशेब घड्याळावर करणे त्याला अमानुष वाटते.

मोबाइल आल्यावर हा वाद मिटेल, असे काही भाबड्या मंडळींना वाटले होते. विश्वचषकात चित्रफीत पाहून पंचांना साहाय्य करण्याची पद्धत २०१८ मध्ये प्रथम आली, आणि ब्राझीलच्या नेमारला कोस्टारिकाविरुद्ध मिळालेली पेनल्टी त्याच पद्धतीने रद्दही झाली. शाहू स्टेडियमबाहेरच्या चहाच्या गाड्यावर मात्र ही पद्धत उलटी चालते. तिथे दोन्ही साडू एकाच मोबाइलवर, एकच चित्रफीत, डोक्याला डोके लावून, सावकाश गतीने पाहतात. “ह्ये बघा, हितं लागला,” असे म्हणून एक जण ज्या क्षणी बोट ठेवतो, त्याच क्षणी दुसरा “ह्येच म्हणतोय मी, हितं न्हाई लागला,” असे म्हणतो, आणि बोट पडद्यावर पडल्याने चित्रफीत पुन्हा सुरू होते.

स्थानिक पुरावा संपला की परदेशी पुरावा काढला जातो. विश्वचषकाच्या दिवसांत पेठांच्या चौकांत ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनीचे झेंडे लागतात, तेव्हा ही दप्तरे हाताशीच असतात. एक जण २२ जून १९८६ चा मॅराडोनाचा हात काढतो. दुसरा त्यावर २००२ चा रिवाल्डो टाकतो. तुर्कस्तानच्या हकान उन्सालने मारलेला चेंडू रिवाल्डोच्या पायाला लागला होता, पण तो तोंड धरून कोसळला. उन्सालला बाहेर जावे लागले, रिवाल्डोला पुढे दंड झाला, आणि ब्राझीलने विश्वचषक जिंकला. ब्राझीलचा समर्थक या प्रकरणातले पहिले आणि शेवटचे वाक्यच सांगतो, आणि पहिल्यातला ‘पायाला’ हा शब्द खोकल्यात घालवतो.

हुकमाचा एक्का मात्र रॉबेर्तो रोहासचा, आणि तो ज्याच्या हाती आधी येतो त्याची त्या दिवशी सरशी होते. ३ सप्टेंबर १९८९ रोजी रिओच्या माराकाना मैदानावर विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात चिली संघ ब्राझीलविरुद्ध एका गोलने मागे असताना प्रेक्षकांतून आलेला एक पेटता फ्लेअर, म्हणजे धूर सोडणारी नळी, चिलीचा गोलरक्षक रोहास याच्याजवळ पडला. रोहास रक्तबंबाळ होऊन कोसळला आणि त्याचा संघ मैदान सोडून गेला. फ्लेअर त्याला लागलाच नव्हता, हे पुढे छायाचित्रांवरून उघड झाले. हातमोज्यात दडवलेल्या पात्याने त्याने स्वतःलाच कापून घेतले होते. रोहासवर आजन्म बंदी आली, जी २००१ मध्ये उठवली गेली, आणि चिलीला १९९४ च्या विश्वचषकाची दारे बंद झाली. हे प्रकरण ऐकून सामान्य माणूस सुन्न होतो, पण समर्थकाचा व्याकरणी मेंदू लगेच कामाला लागतो. दुखापत खरी होती, रक्त खरे होते, खोटे होते ते फक्त कारण. मग याला सोंग म्हणायचे काय? इथे ‘पडला’ही लागू पडत नाही आणि ‘पाडला’ही. “त्यानं सोत्तालाच पाडला,” असा तोडगा एका साडूने काढावा आणि दुसऱ्याने तो मान्य करून चहाचे पैसे द्यावेत, इतपत समेट या उदाहरणाने होऊ शकतो.

या माणसाला ढोंगी म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. आपला खेळाडू कधी कधी सोंग घेतो, हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि घरी, दार लावून, तो ते बायकोला सांगतोही. त्याला राग येतो तो वाईट सोंगाचा: चेंडू गेल्यावर दोन सेकंदांनी ओरडणाऱ्याचा, डावा पाय दुखावल्यावर उजवा धरणाऱ्याचा, लोळताना बोटांच्या फटीतून पंचाकडे पाहणाऱ्याचा. कलापूर म्हणवणाऱ्या गावाची इभ्रत अशा वेळी धोक्यात येते. दिसण्यात तो फिर्यादी असला, तरी आतून रसिक असतो, आणि त्याची अर्धीअधिक चीड अभिरुचीची असते.

खिलाडूवृत्तीचे सरळ, निखळ उदाहरण समोर आले की तो मात्र कासावीस होतो. डिसेंबर २००० मध्ये वेस्ट हॅमच्या पाओलो डि कॅनियोने एव्हर्टनचा गोलरक्षक जखमी होऊन पडलेला पाहिला आणि समोरचा गोल जवळजवळ मोकळा असताना आलेला चेंडू सरळ हातात धरून खेळ थांबवला. त्याबद्दल फिफाने त्याला खिलाडूवृत्तीचा पुरस्कार दिला. ही हकिकत दोन्ही साडू निमूटपणे ऐकून घेतात. गोलरक्षक खरेच पडला होता की कसे, अशी शंका एकाच्या ओठांवर येते, पण ती तो गिळतो.

सुदैवाने याच डि कॅनियोची दुसरीही एक हकिकत आहे. सप्टेंबर १९९८ मध्ये, शेफील्ड वेन्सडेकडून आर्सेनलविरुद्ध खेळताना लाल कार्ड मिळाल्यावर त्याने पंच पॉल अल्कॉक यांना दोन्ही हातांनी ढकलले होते, आणि अल्कॉक बरीच पावले मागे मागे लडखडत जाऊन मग बसकण मारल्यासारखे खाली आले होते. ही चित्रफीत चहाच्या गाड्यावर लागली की दोन पेठांतला सगळा ताण ओसरतो. दोन्ही साडू ती तीन-तीनदा पाहतात, पावले मोजतात, एकमेकांना पुन्हा ‘पाव्हणं’ म्हणू लागतात, आणि त्या दिवशी प्रथमच त्यांचे क्रियापद जुळते: पंच पडला. डि कॅनियोला त्याबद्दल ११ सामन्यांची बंदी झाली होती. ती जास्तच झाली, असे दोन्ही पेठांचे मत आहे.