प्रकाश हवा, आप्पा नकोत

नवागामातल्या घराला बाजू दोनच, पुढची आणि मागची. उरलेल्या दोन शेजाऱ्यांच्या असतात. जळगाव, धुळे, नंदुरबारहून भुसावळ लाइनच्या गाडीत बसून सुरतेला आलेल्या आमच्या लोकांनी इथे अरुंद प्लॉट घेतले, भिंतीला भिंत लावून घरं उठवली आणि पोराचं लग्न ठरलं की वर मजला चढवला. त्यामुळे मधल्या खोलीत भर दुपारी ट्यूबलाइट लावून गहू निवडावे लागतात.

आमचा वरचा मजला तेवढा नशीबवान. शेजारच्या आप्पांचं घर अजून बैठंच असल्यानं आमची एक भिंत त्यांच्या गच्चीवर मोकळी उभी आहे. मी तिथे खिडकी काढायचं बोललो आणि आईनं मला आपादमस्तक न्याहाळलं. आप्पांच्या सुना त्याच गच्चीवर कुरडया घालतात. मग तोड निघाली काचेच्या विटांची. उजेड आत येतो, नजर बाहेर जात नाही.

"आन वारा कोठेन यी रे?" आईनं दुकानात विचारलं. दुकानदारानं हा प्रश्न ऐकलाच नाही. तो लहरी, ढगाळ, हिरा असे नमुने टेबलावर मांडत होता. आणि वारा खरंच येत नाही. काचेचे दोन अर्धे भाग तापवून एकजीव केलेले असतात, आत पोकळी, बाहेर टणक. उजेडाखेरीज कोणालाच दार उघडायचं नाही, असा या विटेचा स्वभाव.

या विटांचं सगळ्यात गाजलेलं घर पॅरिसमध्ये आहे. पिएर शारो यानं ते डॉक्टर दालसास यांच्यासाठी बांधलं, 1932 साली पुरं झालं. डॉक्टर स्त्रीरोगतज्ज्ञ, तळमजल्यावर दवाखाना. म्हणजे उजेड पाहिजे आणि डोकावणं नको, ही गरज तिथेही होतीच. पण मला आवडते ती वरच्या मजल्यावरची म्हातारी भाडेकरीण. तिनं जागा सोडायला साफ नकार दिला. शेवटी तिचा मजला तसाच वर धरून ठेवून खालची इमारत पाडली आणि तिच्या पायाखाली काचेचं घर घातलं. ही बाई आमच्या खानदेशातली नव्हती, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

आमच्या मिस्तरीनं तीन फुटांचं भोक पाडलं. तीन फूट म्हणजे 914 मिलिमीटर. वीट 190 मिलिमीटरची आणि मधला सांधा 10 चा. चार बसवल्या तर कडेला चार बोटांहून जास्त जागा उरते, पाच बसतच नाहीत. "अर्धी कापून लावू," मिस्तरी म्हणाला आणि त्यानं हातोडी उचलली. आई मध्ये पडली म्हणून वीट वाचली. पोकळ वीट कापली की तिची वाटी होते, भिंत नाही. भोक बुजवून नेमक्या मापाचं केलं. वर लिंटेल टाकून घेतलं, कारण ही वीट स्वतःपुरतीच उभी राहते, घराचा भार घेत नाही. घरोघरी असा एक मुलगा असतोच.

पुढचा घोळ पाण्याचा. मातीची वीट मसाल्यातलं पाणी पिते, काच थेंबही पीत नाही. त्यामुळे पांढरं सिमेंट सावकाश धरतं, आणि घाईनं थर चढवले तर खालच्या विटा मसाल्यावर सरकू लागतात. वर श्रावण तोंडावर. आमची कानबाई देवी घरात बसायच्या आत काम उरकायचं होतं, कारण तिच्या रोटाच्या जेवणाला अख्खी भाऊबंदकी येते आणि अर्धवट भिंतीवर प्रत्येकाचं मत असतं. मिस्तरी दिवसाला दोन थर लावायचा आणि उरलेला वेळ त्यांच्याकडे बघत बिडी ओढायचा. मजुरी पूर्ण दिवसाची.

त्यातच आप्पा आले. त्यांच्या वकील भाच्यानं त्यांना 1882 चा सुखाधिकार कायदा समजावला होता. खिडकीतून 20 वर्षं विनाअडथळा उजेड घेतला, की तो उजेड हक्काचा होतो आणि शेजाऱ्याला तो अडवता येत नाही. "म्हणजे उद्या मला मजला चढवू देणार नाहीस!" आधी त्यांनी गच्चीवरून काचेला नाक लावून आतलं काही दिसतं का ते तपासलं. त्यांना काही दिसलं नाही. आम्हाला आतून त्यांची बरीच नाकं दिसली, प्रत्येक विटेत एक.

चहा झाल्यावर आप्पा निवळले. "लाव, लाव. धाकट्याचं लग्न पुढच्या वर्षी आहे. तोवर घे उजेड."

आता खोलीत सकाळपासून लख्ख असतं. अडचण एकच. माझे वडील, अण्णा, लूमच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी घरी येतात आणि नेमके त्याच भिंतीखाली झोपतात. नव्याकोऱ्या काचेवर आईनं जुनी साडी टांगून पाहिली, तरी उजेड आरपार येतो. म्हणून अण्णा हल्ली रोज संध्याकाळी कामावर जाताना आप्पांच्या ओट्यावर थांबतात, मुहूर्ताची चौकशी करतात आणि विटा कुठे स्वस्त मिळतील तेही सांगतात. साध्या, मातीच्या.