नव्वद नंबरचं तेल

आमच्या भागात माणसापेक्षा आकड्याला मान जास्त. बारामतीहून इंदापूरकडे निघा. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, अंथुर्णे, कुठल्याही टपरीवर चहाला बसा. ‘काय लावलंय?’ ‘८६०३२.’ ‘खत?’ ‘१०:२६:२६.’ ‘एकरी?’ ‘ऐंशी निघंल.’ एवढ्यावर दोन माणसांची विचारपूस पूर्ण होते. बायकापोरांची चौकशी दुसऱ्या कपाला.

अशा मुलखात मी गणिताचा मास्तर. आकड्यांच्या बाबतीत मला फसवणारा जन्माला यायचाय, असं मी वर्गात सांगत असे. डिसेंबरातल्या एका पहाटेनंतर सांगायचं बंद केलं.

थोरल्या भावाचा एक जुना ट्रक आहे. हंगामात तो कारखान्याला ऊस ओढतो, एरवी दारात उभा राहून घराची शोभा वाढवतो. त्या वर्षी भाऊ लग्नाच्या बोलाचालीसाठी बाहेरगावी आणि ड्रायव्हर नाना सासुरवाडीला. जाताना भाऊ म्हणाला, ‘‘इंजिनचं ऑईल तेवढं बदलून घे. पंधरा-चाळीस आण.’’

पंधरा-चाळीस! आयुष्यभर पेपर तपासलेल्या माणसाला हे कसं रुचावं? पंधरा म्हणजे उघड नापास, चाळीस म्हणजे काठावर पास. भाऊ पहिल्यापासून काटकसरी. मनात म्हटलं, इंजिन हंगामभर राबतं, त्याच्या तोंडात काठावर पास झालेलं तेल घालायचं? दुकानात फळीवर बादल्या ओळीनं मांडलेल्या. चाळीस, पन्नास आणि कोपऱ्यात एकटी, गुणवंत विद्यार्थ्यासारखी गप्प बसलेली नव्वद. मी बोट दाखवलं. दुकानदारानं विचारलं, ‘‘कशाला पाहिजे?’’ मी रुबाबात म्हणालो, ‘‘ट्रकला.’’ माझं उत्तर खरं होतं, फक्त अपुरं होतं. अशा उत्तराला मी स्वतः अर्धा मार्क कापतो.

शेजारच्या पोराला हाताशी धरून जुनं तेल काढलं, नवं ओतलं. दुपारचं ऊन होतं, गाडी सुरू झाली. नाना आला, फडातून ऊस भरून कारखान्यावर गेला. मी हौसेनं शेजारी बसलो होतो. गाडी काय झकास चालली! ‘‘नव्वदचा फरक आहे नाना,’’ असं ओठांवर आलं होतं. पण मोठेपणा मिरवू नये म्हणून गिळलं. तेव्हाच बोललो असतो तर पुढचं टळलं असतं. विनयानं माणसाचं नुकसान होतं ते असं.

रात्र रांगेत गेली. पहाटे गारठा असा, की पाचट पेटवून बसलेली माणसं शेकोटीत शिरायचीच बाकी होती. आमचा नंबर पुकारला. नानानं चावी फिरवली. ट्रक म्हणाला, ‘‘घूं... घूं...’’ आणि थोडा विचार करून, ‘‘घ.’’ बॅटरी म्हातारी होतीच, पण आज तिला जातं ओढायला लावल्यासारखं झालं. मागं दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, त्यांचे भोंगे, त्यांच्यामागं बैलगाड्या. याच रस्त्यानं तुकोबांची पालखी दर आषाढवारीत जाते, लाखभर माणूस वेळेवर उठून चालू लागतं. आमच्या एका ट्रकला काही जाग येईना.

बीडकडचा एक गाडीवान जवळ आला. इंजिनाकडं बघत म्हणाला, ‘‘बैल जोडू का मास्तर? आमच्या बैलाला थंडीलाबी पेंड आन् उन्हाळ्यालाबी पेंडच.’’ हशा पिकला. नानानं डिपस्टिक काढली, तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं. मग माझ्याकडं असं बघितलं, जसं मी कॉपी सापडलेल्या पोराकडं बघतो.

‘‘मास्तर, हे गेरचं ऑईल हाय. इंजनात कुनी घातलं?’’

मी शेकोटीकडं बघितलं.

ट्रॅक्टरनं ओढून ट्रक मिस्त्रीकडं नेला. मिस्त्रीचं शिक्षण सातवीपर्यंत, पण त्या दिवशी वर्ग त्यानं घेतला आणि मी बाकावर. ‘‘काकवी बघितली न्हवं? गुऱ्हाळावरची गरम काकवी पान्यासारखी पळती. थंडीत तीच बरणी उपडी केली तरी पडायची न्हाय. त्याल तसंच.’’

पुढचं मी घरी येऊन वाचून काढलं. हे नंबर अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेनं, एसएईनं, १९११ पासून लावायला घेतले. तो आकडा गुणवत्तेचा नाहीच, घट्टपणाचा आहे. चाळीस म्हणजे १०० अंशाला तापल्यावर तेल किती घट्ट राहतं ते. आणि बादलीवर १५ च्या पुढं लिहिलेला डब्ल्यू वजनाचा नव्हे, विंटरचा, म्हणजे थंडीचा. १५-डब्ल्यू तेलानं उणे २० अंशालाही इंजिन फिरू द्यावं लागतं. इंदापुरात उणे २० अंश? भिगवणच्या मासळीवरच्या बर्फालाही ती थंडी ठाऊक नाही. पण तिथं वाहणारं तेल आमच्या दहा अंशांत हसत वाहणार. पंधरा हा आकडा कमी, म्हणूनच चांगला!

खरा घाव पुढं होता. इंजिनच्या तेलाचे नंबर एका तक्त्यातले, गिअरच्या तेलाचे दुसऱ्यातले. तापल्यावर गिअरचं नव्वद हे इंजिनच्या चाळीस-पन्नासाइतकंच घट्ट भरतं. माझे नव्वद मार्क वेगळ्याच बोर्डाचे निघाले! म्हणून तर तापल्यावर गाडी झकास पळाली आणि पहाटे गोठून बसली, कारण त्या नव्वदला थंडीच्या परीक्षेचा डब्ल्यू नव्हताच. वर त्यातली औषधं गिअरच्या दात्यांवरचा दाब सोसायला घातलेली. नानाला आला तो गंधकाचा वास त्यांचाच. डिझेल इंजिनाला हवं असतं काजळी पोटात घेऊन फिरणारं तेल. चांगलं तेल चार दिवसांत काळं होतं, ते बिघडलं म्हणून नव्हे, राबलं म्हणून.

मिस्त्रीनं ते सगळं काढलं, इंजिन धुतलं, फिल्टर बदलला आणि काठावर पास झालेलं पंधरा-चाळीस भरलं. दुसऱ्या पहाटे ट्रक एका चावीत उठला. खर्च दुप्पट झाला. हा आकडा मात्र मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

आता वाटतं, टपरीवरच्या अडाणी म्हणवणाऱ्या माणसाला हे आधीच कळत होतं. ८६०३२ म्हणजे कोईमतूरच्या केंद्राची १९८६ सालची जात, तिचं नाव. पाडेगावची ‘फुले २६५’ लावणारा कुणी शेतकरी शेजाऱ्याचा ऊस आपल्यापेक्षा सव्वातीनशे पटींनी श्रेष्ठ समजत नाही. आकडा कधी मार्क असतो, कधी नुसतं नाव असतं. पोरांच्या प्रगतिपुस्तकावर सही करतानाही मी हल्ली जरा थांबतो.

तेव्हा मंडळी, गाडीत तेल घालताना कंपनीच्या पुस्तकात असेल तेच घाला, आणि दुकानदारानं ‘कशाला पाहिजे?’ विचारलं तर पूर्ण वाक्यात उत्तर द्या. ती रिकामी बादली भावानं टाकू दिली नाही. घासूनपुसून न्हाणीघरात ठेवलीय. रोज सकाळी मी तिच्यातूनच अंघोळ करतो, आणि तिच्यावरचा नव्वद अजून पुसलेला नाही.