भोपाळच्या अयोध्या नगरात राहून मराठी कादंबरी कशी लिहावी

सुरुवात नोकरीपासून करावी. कादंबरीकाराला नोकरी लागते. नसेल तर नोकरी असलेला जोडीदार लागतो. श्री. ना. पेंडसे मुंबईच्या ‘बेस्ट’मध्ये नोकरी करत लिहीत राहिले. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ १९६७ साली आलं, तेव्हा ते कोल्हापुरात शाळामास्तर होते. आपल्या भोपाळचे मंजूर एहतेशाम फर्निचरच्या धंद्यात होते आणि तो सांभाळून त्यांनी हिंदीत ‘सूखा बरगद’ लिहिली. अयोध्या नगरात राहणाऱ्याला पिपलानी जवळ, तेव्हा भेलच्या कारखान्यातली नोकरी सगळ्यात सोयीची. ती न जमल्यास बँक, रेल्वे, शाळा, काहीही चालेल. नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक व्हावंसं वाटू लागलं तर राजीनाम्याआधी खालचा रॉयल्टीचा हिशेब वाचावा.

आता जागा. हाउसिंग बोर्डाच्या घरात लेखकाची खोली नावाचा प्रकार नसतो. जेवणाचं टेबल असतं, आणि त्यावर लोणच्याची बरणी, लाइट बिल आणि कोणाची तरी गणिताची वही असते. बरणी हलवू नये, घरात विचारणा होते. वही हलवावी. पहाटे पाचला बसलात तर साधारण सव्वासहापर्यंत जग तुमचं. मग नळाला पाणी येतं. नळाची वेळ आणि सुचण्याची वेळ एकच असते, हे नवशिक्यानं पहिल्याच आठवड्यात मान्य करून टाकावं. नायिका आगगाडीच्या दारात उभी आहे, उतरायचं की नाही हे तिचं ठरत नाहीये, आणि आतून आवाज येतो, “अहो, टाकी भरली का बघा!” टाकी बघून या. नायिका कुठे जात नाही. त्यानंतर महापालिकेची कचरागाडी आपलं गाणं वाजवत येते. त्या गाण्यानंतर गंभीर प्रसंग लिहू नये, त्याची चाल संवादात उतरते.

शेजाऱ्यांना काय सांगायचं, हा प्रश्न उरतोच. “भाईसाब, सुना है आप कुछ लिखते हैं?” याला “हो, कादंबरी” असं उत्तर दिलंत तर पुढचा प्रश्न, “हिंदी में क्यों नहीं लिखते?” हा येणारच. त्याला उत्तर नाही. शेजाऱ्याला चहा द्यावा.

‘कोसला’ची गोष्ट तुम्हाला कोणीतरी सांगेलच. १९६३ साली ती आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. तुम्ही पंचविशी ओलांडली असेल तर हे लगेच विसरावं. त्यापेक्षा हरिभाऊ आपट्यांकडे बघावं. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यात हप्त्याहप्त्यानं छापली. म्हणजे लेखक तेच, संपादकही तेच, आणि छापखाना खोळंबलेला. तुमच्यासाठी कोणताच छापखाना खोळंबलेला नाही. मजकुरासाठी तगादा लावणारं भोपाळात कोणी नाही, ही इथली सगळ्यात मोठी गैरसोय आहे. सोयही तीच.

आता भाषेबद्दल, आणि हा भाग घाईनं वाचू नये. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली, आणि नागपूरच्या सचिवालयातली कारकुनांची बिऱ्हाडं मागोमाग आली. ग्वाल्हेर-इंदूरचे मराठी लोक आले, भेलच्या कारखान्यासाठी आणखी आले. या सगळ्यांच्या नातवंडांची मराठी म्हणजे तुमच्या घरात बोलली जाते ती. “मी येऊन राहिलो ना, तू गेट उघडून ठेव.” “त्याचं दिमाग खराब झालंय.” तुमचं पात्र असंच बोलणार. पुण्याचे संपादक हस्तलिखितावर पेन्सिलीनं ‘येतोय’ आणि ‘डोकं’ करून पाठवतील. अत्यंत नम्रपणे, ‘आदरणीय’ वगैरे घालून पत्र लिहावं आणि सगळ्या दुरुस्त्या खोडाव्यात. सदाशिव पेठेतला नायक लिहायला सदाशिव पेठेत पुरेशी माणसं आहेत. पिपलानीच्या बाजारात सासूशी मराठीत, भाजीवाल्याशी हिंदीत आणि मुलाशी दोन्हींत एकदम भांडणारी बाई त्यांना मिळायची नाही. ती तुम्हाला रोज संध्याकाळी दिसते. तुमच्याकडे भांडवल एवढंच आहे.

प्रकाशक दुसरंही काहीतरी सुचवतील. “भोपाळ म्हटल्यावर गॅसकांड येईलच ना?” इथं मात्र थट्टा बाजूला. डिसेंबर १९८४ ची ती रात्र ज्यांच्या घरात शिरली ते लोक अजून याच शहरात आहेत. गॅसगळती झालेल्या कारखान्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला हलवला गेला तो जानेवारी २०२५ मध्ये, चाळीस वर्षांनी. लिहायचं असेल तर त्या वस्त्यांत वर्ष-दोन वर्षं जाऊन बसावं. मुखपृष्ठावर धूर पाहिजे म्हणून शेवटून दुसऱ्या प्रकरणात गॅस सोडू नये.

हस्तलिखित पूर्ण झालं की प्रकाशकाकडे पाठवून शांत बसावं. शांत बसणं जमत नसेल तर बायपासवर फिरायला जावं. तो दहापदरी करायचं प्रकरण आणि त्यासाठी तोडायच्या झाडांचा वाद तुमच्या कादंबरीहून लांबलेला आहे, धीर येतो.

रॉयल्टी. समजा किंमत चारशे रुपये, आवृत्ती पाचशे प्रतींची, रॉयल्टी दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर तुमचे वीस हजार होतात. ‘सगळ्या खपल्या तर’ हे शब्द परत वाचावेत. यातून लेखकाच्या मोफत प्रतींपलीकडे तुम्ही स्वतः विकत घेऊन वाटलेल्या प्रती वजा कराव्यात. आत्या, दोन्हीकडचे काका, सोसायटीचे सेक्रेटरी, मुलीचे मराठी न येणारे वर्गशिक्षक. उरलं त्यात नागपूरचं एक जाणं-येणं बसतं, स्लीपरनं.

प्रसिद्धीसाठी टपाल खातं हा खरा मित्र. १ मे २०२५ ला, म्हणजे नेमकी महाराष्ट्र दिनी, ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. छापील पुस्तकाला ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत फार तर १०० रुपये, कर वेगळा. त्यामुळे तीनशे ग्रॅमच्या आत बसेल अशी कादंबरी लिहिण्याचा नवशिक्यानं विचार करावा. समीक्षकही खूश होतील. प्रत पोचल्याचं ते कळवणार नाहीत. ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ दिसलं की तोच अभिप्राय समजावा.

प्रकाशन सोहळा गणेशोत्सवात उरकावा, कारण माणसं आयती जमलेली असतात. तुमचा नंबर पाककृती स्पर्धेनंतर आणि आरतीआधी लागेल, आणि मोदकांच्या निकालाला उशीर झाला तर अध्यक्षांचं भाषण तुमच्या वाट्यातून कापलं जाईल. पहिल्या रांगेतले आजोबा १९६७ च्या भोपाळ साहित्य संमेलनाची आठवण काढतील, वि. भि. कोलते अध्यक्ष होते म्हणून सांगतील. ऐकून घ्यावं. तेव्हा शहरात मांडव पडला होता, याचे साक्षीदार आता थोडे राहिलेत. राज्याची मराठी साहित्य अकादमी भोपाळातच आहे, तिच्याकडे निमंत्रण द्यायला स्वतः जावं, व्हॉट्सॲपवर पाठवून भागवू नये.

वाचनाची तयारी मात्र मालती जोशींसारखी असावी. हिंदी-मराठी दोन्हींत लिहिणाऱ्या, २०१८ साली पद्मश्री मिळालेल्या मालतीताई कथा सांगायला उभ्या राहिल्या की हातात कागद नसायचा, अख्खी कथा तोंडपाठ. तुम्ही निदान पहिलं पान पाठ करा. मांडवातला दिवा तुमच्या डोक्यावर नसतो, आरतीच्या बाजूला असतो.

परत आल्यावर पुढची कादंबरी सुरू करावी. वाचकांना एवढंच सांगणं आहे: ओळखीच्या लेखकाकडे प्रत भेट मागू नका. किंमत चारशे रुपये आहे, टपालखर्च लेखक भरेल.