पद्मिनीचे विद्युतीकरण

जुन्या मोटारीचे विद्युतीकरण म्हणजे तिचे पेट्रोलवर चालणारे इंजिन उतरवून त्या जागी विजेची मोटर, तिचा कंट्रोलर आणि बॅटऱ्यांचा संच बसवणे. गाडी बाहेरून होती तशीच दिसते. फरक कळतो तो बोनेट उघडल्यावर. मात्र विद्युतीकरणानंतर बोनेट उघडण्याची वेळच फारशी येत नाही, आणि जुन्या गाडीच्या अस्सल मालकाचा या प्रक्रियेवरचा मुख्य आक्षेप तोच असतो.

महाराष्ट्रात या कामासाठी पहिल्यांदा डोळ्यांपुढे येते ती प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची ११०० ही गाडी बनू लागली आणि १९७४ च्या सुमारास तिचे नाव पद्मिनी झाले. कागदावर नाव बदलले, तरी लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, चार गिअर, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली आणि पुढे सलग बाक. त्या बाकावर चालक धरून दोघे ऐसपैस, तिघे दाटीने आणि लग्नसराईत चौघे नात्याने बसत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, तीही सेवेतून गेली. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. त्या सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली, चारही टायर बसलेल्या अवस्थेत, ‘विकायची नाही’ या एका वाक्याच्या आधारावर उभ्या असतात.

पनवेलचा या गाडीशी संबंध रस्त्याने जोडला. मुंबईहून पुण्याला जा की गोव्याला, पनवेल चुकत नसे. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला. त्याआधी ठाणे, मुंब्रा, शिळफाटा असा वळसा घेऊन गाड्या पनवेलला पोहोचत आणि तोवर इंजिनाचा पारा चढलेला असे. एप्रिल-मेच्या दुपारी नेमकी इथेच गाडी आचके देऊन बंद पडे. मिस्त्री लोक याला व्हेपर लॉक म्हणतात. पेट्रोलचा पंप इंजिनाच्याच अंगाला जोडलेला. इंजिन तापले की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंपाला ती पुढे ढकलता येत नाही, कार्ब्युरेटर कोरडा पडतो. यावरचा शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे फडके पाण्यात बुडवून, पिळून पंपावर घालणे आणि थांबणे. फडके म्हणून रुमाल चाले, टॉवेल चाले, बारशाला निघालेल्या बाळाचे दुपटेही चाले. ओले फडके पंपाला टेकले की चर्र आवाज होई आणि जमलेली मंडळी ‘आता येईल लाइनीवर’ असे म्हणत. मंडळी जमायला वेळ लागत नसे. बोनेट वर झाले की वाटसरू थांबे, पहिला म्हणे, “काका, पॉइंट बघितलात का?” दुसरा कॉइलवर संशय घेई, तिसरा चोक ओढायला सांगे आणि चौथा, ज्याला मोटारीतले काही कळत नसे, तो धक्का द्यायच्या तयारीने अस्तन्या वर सारून मागे जाऊन उभा राही. गाडी गार होईपर्यंत घरची मंडळी वडे खाऊन घेत. पळस्पे फाट्यावरच्या खाद्यगृहांची भरभराट काही अंशी तरी या वाफेवर झाली असावी.

विद्युतीकरणाने हे सगळे एका फटक्यात बंद होते. विजेच्या मोटरीला चोक नाही, पॉइंट नाही, कॉइल नाही. बॅटरी संपली तर तिला धक्क्याने चालूही करता येत नाही, त्यामुळे चौथ्या माणसाचे तर कामच जाते.

भारतात हे काम नुसत्या हौसेने करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करायला मनाई आहे. २०१६ मध्ये केंद्रीय नियमांत विजेच्या किटसाठी वाट काढण्यात आली. किट एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घेतलेले हवे, ती मान्यता कोणत्या जातीच्या गाडीसाठी आहे ते कागदावर असायला हवे आणि किट बसवणाराही अधिकृत हवा. मग आरटीओत जाऊन आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोल खोडून वीज लिहून घ्यायची आणि एमएच ४६ ची पांढरी पाटी काढून हिरवी लावायची. हे एका दमात लिहिता येते. एका दमात होत नाही.

खरी गंमत पुढे आहे. या नियमाप्रमाणे गाडी १ जानेवारी १९९० रोजी किंवा त्यानंतर बनलेली असावी लागते. दुसरीकडे २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी असेल तर वीस हजार रुपये भरून तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर घेता येतो. म्हणजे १९६८ ची फियाट विंटेज होऊ शकते, पण विजेवर जाऊ शकत नाही. १९९५ ची पद्मिनी विजेवर जाऊ शकते, पण विंटेज होऊ शकत नाही. आणि १९८२ ची, जिच्यात निम्म्या महाराष्ट्राची लग्ने लागली, ती त्रिशंकू. तिला विजेची परवानगी नाही आणि मान मिळण्याइतके वयही झालेले नाही. तिने निमूट पेट्रोल पीत राहायचे.

विंटेज झाल्यावरही सुख आहे असे नाही. अशी गाडी रोज वापरायला बंदी आहे. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. दुरुस्तीला नेण्याची मुभा वाचून जुन्या मालकांना हायसे वाटते, कारण एरवीही त्यांची गाडी दुसरीकडे कुठे जात नव्हती.

जुनी गाडी विजेवर न्यावी का, या प्रश्नावर परदेशातही दोन तट आहेत. जग्वारने २०१७ मध्ये जुन्या ई-टाइपची विजेवरची आवृत्ती दाखवली आणि १९ मे २०१८ रोजी प्रिन्स हॅरी आणि मेगन लग्नानंतर तशाच गाडीतून मेजवानीला गेले. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा मात्र इंजिन बदललेल्या गाडीला ऐतिहासिक मानायला तयार नाही. राजघराण्याने वापरली म्हणून संघटनेचे मत बदलले नाही, हे संघटनेच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

प्रत्यक्ष काम इंजिन उतरवण्यापासून सुरू होते. रेडिएटर, पंखा, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, पेट्रोलची टाकी, सायलेन्सर एकेक करून सुटे होतात आणि शेवटी चेनपुलीला टांगलेले इंजिन हळूहळू वर येते. मालक या वेळी चहाला जातो. गिअरबॉक्स सहसा ठेवतात. तो आणि नवी मोटर यांच्यामध्ये जाड अ‍ॅल्युमिनियमची अ‍ॅडॅप्टर प्लेट लागते आणि सगळ्या कामाचा जीव तिच्यात असतो. मोटरीचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट अगदी एका रेषेत आले पाहिजेत. केसभर चूक झाली तर गाडी थरथरते आणि बेअरिंग लवकरच राम म्हणते. तळोजे एमआयडीसीच्या आसपास लेथवाल्यांची वाण नाही, पण इतक्या बारकाईने काम करणारा लेथवाला मिळणे आणि तो सांगितलेल्या दिवशी दुकानात सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विजेच्या मोटरीचा जोर पहिल्या फेऱ्यापासून असतो, त्यामुळे गाडी दुसऱ्या गिअरवरही सहज निघते. चढावर हाफ क्लचची कसरत उरत नाही आणि चालकाचा डावा पाय अकाली निवृत्त होतो. एक गोष्ट मात्र जुनी राहते. स्टिअरिंगखालच्या गिअरचे सांधे झिजलेले असले की दांडा मध्येच अडकतो. मग खाली उतरून, बोनेट उघडून सांध्याला हिसका द्यावा लागतो. ते सांधे विद्युतीकरणानंतरही तिथेच असतात. त्यामुळे बोनेट उघडायला निदान एक निमित्त शिल्लक राहते आणि मालकाला अगदीच परके वाटत नाही.

बॅटरी बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतात, कारण ती उष्णतेत त्यातल्या त्यात शांत असते. पद्मिनीसारख्या हलक्या गाडीला एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर धरले, तर पंधरा युनिटच्या बॅटरीत शंभरेक किलोमीटर जाता येते. बॅटरीचे वजन शंभर किलोच्या पुढे जाते. ते सगळे डिकीत टाकले तर मागचे पाटे बसतात आणि गाडी आकाशाकडे बघत चालते, म्हणून काही भार पुढे ठेवावा लागतो. पेट्रोलचा काटा होता त्याच जागी बॅटरीचा अंदाज दाखवता येतो. तो आता खरे सांगतो, हा त्या काट्याच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग.

पनवेलच्या गाडीची परीक्षा खंडाळ्याच्या घाटात होते. माणसांसह बाराशे किलोची गाडी खोपोलीहून पाचशे मीटर वर चढवायला निव्वळ उंचीचा हिशेब दीड युनिटच्या थोडा वर जातो. वारा, घर्षण धरून दोन-अडीच युनिट. घरातला दीड टनी एसी दीड-दोन तास लावला की तेवढीच वीज जाते आणि त्याला कुणी घाट म्हणत नाही. तसे पाहिले तर या डोंगराला वीज नवी नाही. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खाली सोडून टाटांनी १९१५ पासून खोपोलीला वीज काढली आणि शेजारच्या रुळांवरून डेक्कन क्वीन १९३० पासून विजेवरच वर जाते. कडेला थांबून रेडिएटरमध्ये तांब्याने पाणी ओतत बसल्या त्या फक्त मोटारी.

उतारावर मोटर जनित्राचे काम करते आणि खर्चलेली काही वीज परत देते. पण बॅटरी भरलेली असेल तर ही वीज ठेवायला जागाच नसते. लोणावळ्याला चिक्की घेता घेता कुणी बॅटरी काठोकाठ भरून घेतली, तर घाट उतरताना सारी भिस्त पद्मिनीच्या जुन्या ड्रम ब्रेकांवर येते. चिक्की थोडी लवकर आटोपणे श्रेयस्कर.

रूपांतरित गाडीचा एक दोष कोणत्याही माहितीपत्रकात दिलेला नसतो. इंजिनाचा आवाज गेला की गाडीचा आवाज ऐकू येऊ लागतो. दाराची बिजागरी, काचेचा हँडल, कप्प्याचे झाकण, मागच्या बाकाखाली कधीतरी हरवलेला पाना, सगळे आपापल्या सुरात बोलू लागतात. हे आवाज आधीही होते. इंजिनाने त्यांच्यावर पांघरूण घातले होते, इतकेच.

चार्जिंगला पंधरा अँपिअरचा साधा प्लग पुरतो आणि रिकामी बॅटरी पाच-सहा तासांत भरते. तो प्लग पार्किंगमध्ये बसवायला सोसायटीची मंजुरी लागते, आणि नवीन पनवेलच्या कोणत्याही सर्वसाधारण सभेत तिला याहून जास्त वेळ लागतो. वीज कुणाच्या मीटरवर, हा मुद्दा सुटेपर्यंत तिसऱ्या मजल्यावरून खिडकीतून वायर सोडण्याचा मार्ग निघतो. तो महावितरणलाही रुचणार नाही आणि सेक्रेटरीलाही.

शेवटचा प्रश्न उतरवलेल्या इंजिनाचा. शहाण्या हिशेबाने ते भंगारात जावे, पण बहुतेक मालक ते जिन्याखाली ठेवून देतात. त्यामागे एक गणितही आहे. १९९५ ची पद्मिनी २०४५ मध्ये पन्नास वर्षांची होईल. तेव्हा मूळ इंजिन परत बसवले, तर ‘व्हीए’ नंबर मिळेल अशी आशा असते. एकदा बदललेली गाडी तेव्हा मूळ रूपातली मानतील का, हे आरटीओला आज विचारण्याचे धाडस कुणी करत नाही. तोवर इंजिन जाम होऊ नये म्हणून प्लगच्या भोकांतून थोडे ऑइल सोडून क्रँक अधूनमधून हाताने फिरवावा लागतो, आणि पुढची वीस वर्षे तो कुणी फिरवायचा यावर घरात अजून एकमत झालेले नसते.